टरफलासकट

मी किटली बोलतेय. चहाची नव्हे, कॉफीची, आणि कुणाच्या घरातली तर नव्हेच. निळ्या एनॅमलची, एका दमात चाळीस कप उकळणारी, दोन हात लावल्याशिवाय न उचलली जाणारी अशी मी माळावरच्या नॉरडाल नावाच्या गावातल्या चर्चच्या तळघरात त्र्याण्णव वर्षं राहिले. माझ्या तोटीचा टवका उडालाय, बुडावर काजळीचं पुट आहे, झाकणाची मूठ मूळची नाही. तेवढं सोडलं तर मी ठणठणीत आहे, भोक एकही नाही. हे आधीच सांगते, कारण म्हाताऱ्या भांड्याबद्दल लोक पहिला प्रश्न तोच विचारतात.

माझा जन्म ओंटारियोतल्या एका कारखान्यातला, १९२६ सालचा. त्या दिवशी माझ्यासारख्या दोनशे जणी भट्टीतून बाहेर पडल्या. हे मुद्दाम सांगतेय. कारण पाहुण्यांची बस फिरवणारा डेल दर उन्हाळ्यात बसमधल्या लोकांना सांगायचा की मी नॉर्वेहून जहाजात बसून, एका नव्या नवरीच्या मांडीवरून आले. लोक हळहळायचे आणि माझे फोटो काढायचे. मी कुठली जहाजात बसतेय! मी आले मालगाडीने, पेंढा भरलेल्या खोक्यातून. स्टेशनवर मला घ्यायला महिला मंडळाची अध्यक्ष मार्टा आली होती. बाहेर बर्फ होतं, घसरगाडीला दोन घोडे होते. पाच मैल तिने मला खरंच मांडीवर धरून आणलं. तेव्हा डेलच्या थापेत मांडी तेवढी खरी आहे.

मार्टाने पहिल्याच रविवारी मला कामाला लावलं. आमच्याकडच्या विहिरींचं पाणी मचूळ, आणि कॉफी मिळायची ती स्वस्तातली, कडूजहर. त्यावर नॉर्वेहून येऊन वसलेल्या या लोकांचा उपाय म्हणजे अंडं. हसू नका. तीन अंडी फोडायची, टरफलासकट हाताने चुरडायची, त्यात कॉफीची भुकटी कालवायची, आणि तो चिखलासारखा गोळा उकळत्या पाण्यात सोडायचा. तो फेसाळत वर येतो. मग वरून एक पेला गार पाणी ओतायचं की सगळा गाळ गुपचूप तळाशी बसतो. गाळणं लागत नाही. कपात येते ती सोनेरी, नितळ कॉफी, कडूपणाचा मागमूस नसलेली. साखरेचा खडा दातांत धरून माणसं ती प्यायची आणि मान हलवायची. नॉरडालमध्ये कौतुक त्याहून जास्त कुणी करत नसे.

बारसं असो, लग्न असो, मयत असो, मी चुलीवर असायचेच. वर चर्चमध्ये काय चाललंय ते मला लाकडी तक्तपोशीतून ऐकू यायचं. बाळ रडलं की पाणी चढवायचं, शेवटचं भजन लागलं की अंडी सोडायची. मार्टाचा हिशेब चुकत नसे. तिच्या दोन मुली, थोरा आणि धाकटी अल्मा, चुलीजवळच्या बाकावर बसून पाय हलवत बघायच्या. अंडी चुरडायचं काम आळीपाळीने दोघींना मिळायचं. कुणाची पाळी यावरून त्या एकमेकींच्या वेण्या ओढायच्या.

आता भांडणाचं सांगते, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. नॉरडालमध्ये तेव्हा जेमतेम साठ घरं होती आणि चर्च मात्र दोन. एक रस्त्याच्या उत्तरेला, म्हणजे आमचं. दुसरं दक्षिणेला, बरोबर समोर. दोन्ही पांढरी, दोन्ही लाकडी. देव एक, भाषा एक, भजनंही तीच. मग वाद कशाचा? माणूस तरणार की बुडणार हे देवाने आधीच ठरवून ठेवलंय, की त्यात माणसाच्या हातातही काही आहे, याचा. मी तळघरातली, मला त्यातलं काय कळणार. मला एवढंच कळलं की दक्षिणेकडचे लोक उत्तरेकडच्यांसारखं काहीच करायचं नाही म्हणून कॉफीसुद्धा वेगळी करायचे. टरफल काढून.

अल्माने लग्न केलं ते नेमकं दक्षिणेकडच्या हेल्मर लिंडशी. मार्टा तोवर थकली होती. ती म्हणाली, "रस्ताच तर ओलांडायचाय." थोरा कप पुसत राहिली. लग्नानंतर तीन वर्षांनी मार्टा गेली. तिच्या मयताची कॉफी थोराने केली, आणि अंडी चुरडताना तिचे हात थांबत होते ते मी पाहिलंय. त्या दिवसापासून मी थोराची झाले. तसं कुणी ठरवलं नव्हतं, पण दुसरं कुणी मला हात लावत नसे.

मग १९६४ साल उजाडलं. माणसं शहरात जाऊ लागली होती, दोन्हीकडचे बाक रिकामे पडायला लागले होते. दोन्ही चर्चच्या वरच्या अधिकाऱ्यांनी कुठेतरी बसून तह केला आणि दोन्ही मंडळी एक झाली. दक्षिणेकडचं चर्च चाकांवर चढवून ट्रॅक्टरने ओढत नेलं. कुणा शेतकऱ्याने त्यात गहू साठवला. सप्टेंबरातल्या एका रविवारी सगळे आमच्याकडे आले, पहिल्यांदाच एका छताखाली बसले. त्यांनाही मान मिळावा म्हणून कॉफीचं काम तिकडच्या बायकांना दिलं होतं. त्यातून पाळी आली अल्माची.

अल्मा जिना उतरून आली. हातात लाल जेलीने भरलेला काचेचा वाडगा होता. आमच्याकडे जेवणाला प्रत्येक जण आपापलं भांडं आणतो आणि गोंधळ नको म्हणून तळाला चिकटपट्टीवर नाव लिहितो. तिच्या वाडग्यावर लिहिलं होतं, "अल्मा लिंड." तिने वाडगा ठेवला आणि माझ्या झाकणावरून हात फिरवला. मला तो हात आठवला. मग तिने अंडी फोडली, भुकटीत कालवून आत सोडली, आणि टरफलं बादलीत टाकली.

तेवढ्यात थोरा कपांचा ट्रे घेऊन खाली आली. आधी बादलीकडे बघितलं, मग बहिणीकडे.

"हे काय?"

"कॉफी."

"टरफलं बादलीत काय करतायत?"

"टरफलात काय ठेवलंय गं? कोंबडीची घाण लागलेली असते त्याला. आमच्याकडे कुणी—"

"आमच्याकडे? आमच्याकडे म्हणजे कुणाकडे? तू ह्याच बाकावर बसून मोठी झालीस ना?"

"नऊ वर्षं झाली थोरा मला तिकडे जाऊन. सासूबाई म्हणतात—"

"आईच्या किटलीत तुझ्या सासूबाईंची कॉफी होणार नाही."

एवढं बोलून थोराने पदरासारखा एप्रन हाताला गुंडाळला, मला चुलीवरून उचललं, उकळतीच, आणि जिना चढून, दारात उभ्या असलेल्या सगळ्यांमधून वाट काढत बाहेर नेलं. पायऱ्यांशेजारी लायलॅकचं, जांभळ्या फुलांचं झुडूप होतं. त्याच्या मुळाशी तिने चाळीसच्या चाळीस कप ओतले. वाफेचा लोट उठला. दोन्हीकडचे पाद्री आपापल्या टोप्या हातात फिरवत उभे राहिले.

मला त्या कॉफीचं वाईट वाटलं. ती वाईट झाली नव्हती. थोराने ती चाखूनसुद्धा बघितली नव्हती.

अल्माने कोट घातला, हेल्मरला आणि दोन्ही मुलांना घेतलं आणि गेली. पुढच्या रविवारपासून ते कुटुंब तीस मैलांवरच्या एल्म क्रॉसिंगच्या चर्चमध्ये जायला लागलं, काही वर्षांनी तिकडेच राहायला गेलं. जेलीचा वाडगा मात्र आमच्याकडेच राहिला. थोराने तो धुतला, पुसला, आणि वरच्या फळीवर माझ्या शेजारी ठेवला. परत पाठवला नाही आणि वापरूही दिला नाही. कुणी त्याला हात लावला की म्हणायची, "तो आपला नाही." दर चार-पाच वर्षांनी चिकटपट्टीचा डिंक वाळायचा आणि पट्टी गळून पडायची. मग थोरा नवी पट्टी लावायची आणि त्यावर लिहायची, "अल्मा लिंड." असं निदान दहा वेळा झालं. शेजारी बसून मी दुसरं काय बघणार?

बापाच्या मयताला दोघी आल्या. एक डावीकडच्या बाकावर, एक उजवीकडच्या. हेल्मर गेला तेव्हा थोरा सांत्वनाचं कार्ड घेऊन आली, माझ्यासमोर टेबलावर बसून दोन ओळी लिहिल्या, वाचल्या, आणि कार्ड चुलीत घातलं. मला तोंड आहे पण बोलता येत नाही, याचा मला एकदाच संताप आला, तो त्या दिवशी.

वर्षं गेली. शाळा बंद झाली, टपाल बंद झालं, रेल्वेचे रूळ उखडून नेले. थोराचा नवरा ऑस्कर वारला, मुलगा कॅलगरीत राहायला गेला. चर्चमध्ये महिन्यातून एकदा पाद्री यायचा आणि समोर सात-आठ डोकी. मी वर्षातले अकरा महिने फळीवर.

तेव्हा डेल कोवालचुक आमच्याकडे पहिल्यांदा आला. शेजारच्या युक्रेनी वस्तीतला, जन्मभर शाळेची बस चालवलेला, निवृत्त झाला तरी स्टिअरिंग सोडवेना. त्याने जुनी बस विकत घेतली, तिच्यावर 'माळावरची जुनी गावं' असं रंगवलं आणि जुलै महिन्यात शहरी पाहुण्यांना फिरवायला लागला. आधी धान्याचं उंच लाकडी कोठार, मग एका खोलीची शाळा, मग त्यांचं कांद्यासारख्या घुमटाचं चर्च, आणि दुपारी तीनला नॉरडालमध्ये कॉफी. चौदा उन्हाळे असे गेले. मी पुन्हा चुलीवर चढले, मला दुसरं काय हवं होतं.

पाहुणे मोठे गमतीचे. उतरले की आधी वाऱ्याबद्दल बोलायचे, मग डासांबद्दल. एवढ्या लांब कसे राहता, असं सगळ्यांनी विचारायचं. कशापासून लांब, ते कुणी सांगत नसे. कबरींवरची नावं मोठ्याने वाचायचे आणि वयांची वजाबाकी करायचे. चहा मिळेल का, असंही एखादा विचारायचा.

थोरा त्यांना अंड्याची कॉफी करून दाखवायची आणि गोष्ट सांगायची. "एका टरफलावरून माझी बहीण माझ्याशी बोलत नाही!" लोक हसायचे. टोरंटोच्या एका बाईने विचारलं, "खरंच? एवढ्यावरून?" थोरा म्हणाली, "आम्ही नॉर्वेजियन. न बोलायला आम्हाला एवढंही लागत नाही." पुन्हा हशा. डेलही हसायचा. "म्हणून सांगतो मंडळी, आमच्या वस्तीत या. आम्ही भांडतो, पण जेवायला बोलावून भांडतो." मी ती गोष्ट चौदा उन्हाळे ऐकली. कॉफी लायलॅकवर ओतली इथपर्यंत थोरा हसत सांगायची. वाडग्याचं कधी सांगितलं नाही.

२०१९ च्या मे महिन्यात डेल एकटाच आला. थोरा तळघरात उंदरांचे सापळे तपासत होती. सत्त्याऐंशी वर्षांची झाली होती, पण वाकायची अजून.

"थोराकाकू, आहात का खाली?"

"नाही, स्वर्गात गेलेय. ये. तिसरी पायरी जपून, मोडलीय."

"ती मागल्या वर्षीही मोडलेलीच होती."

"मग आठवायला हवं तुला."

डेल बाकावर बसला. ऑक्टोबरात चर्च कायमचं बंद करायचं, हे उरलेल्या सात जणांनी हात वर करून ठरवलं होतं. हात वर करणाऱ्यांत थोराही होती. त्यामुळे यंदाची बस शेवटची, हे दोघांनाही माहीत होतं.

"यंदा शहरातले पाहुणे नाहीत काकू. एल्म क्रॉसिंगच्या वृद्धाश्रमातली अकरा माणसं आणतोय. आपली गावं एकदा शेवटची बघायची म्हणतात." त्याने खिशातला कागद उलगडला. "यादीत अल्मा लिंड आहे."

थोरा टेबलाचा एकच कोपरा पुसत राहिली. "कुठली अल्मा?"

"काकू, या अख्ख्या भागात आता अल्मा एकच उरलीय."

"ती येते म्हणाली?"

"ती कशालाच नाही म्हणत नाही हल्ली. हे बघा, आधीच सांगून ठेवतो. तिला माणसं नेहमी ओळखू येत नाहीत. सकाळी बरी असते. दुपार झाली की सगळं पुसलं जातं."

"मग सकाळी आण."

"पण बसचा रस्ता कोठारावरून—"

"कोठार कुठे पळून चाललंय? आधी इथे आण. दहा वाजता. डेल, ऐकतोयस ना? दहा म्हणजे दहा."

डेलने टोपी काढून पुन्हा घातली. "दहा वाजता," तो म्हणाला.

तो गेल्यावर थोरा माझ्यासमोर उभी राहिली. वाडगा खाली काढला, तळाची पट्टी बघितली, आणि मोठ्याने म्हणाली, "तिला एकदा सांगायचंय, बस." काय सांगायचंय ते मला ठाऊक होतं. पंचावन्न वर्षं ते तिच्या ओठांवर येऊन परत जात होतं.

बस येण्याच्या दिवशी थोरा सातलाच आली. मला आतून-बाहेरून घासलं. बटाट्याच्या पातळ पोळ्या लोणी-साखर लावून गुंडाळून ठेवल्या. वाडग्यात लाल जेली लावली. नऊला माझ्यात पाणी चढवलं. दहा वाजले. साडेदहा झाले. रस्त्यावर धूळ उडाली की ती खिडकीशी जायची, दुसरीच कुणाची तरी गाडी निघायची. पाणी आटलं की पुन्हा भरायची. बारा वाजले. एक वाजला. तीन वेळा तिने मला भरलं. तिसऱ्या वेळी तिची नजर खिडकीकडेच होती, अर्धं पाणी चुलीवर सांडलं.

बस आली ती तीनला.

डेल धापा टाकत खाली आला. "काकू, मारा मला. सकाळी आठला निघालो होतो हो. पहिल्याच वळणावर एक आजोबा म्हणाले, डेल, इथे वळव, इथे आमचं घर होतं. घर कुठलं, चार झाडं आणि विहिरीचा खड्डा! पण उतरले, उभे राहिले, रडले. मग प्रत्येकाचं सुरू झालं. इथे वळव, तिथे वळव. अकरा माणसं, अकरा घरं. कुणाला नाही म्हणू?"

"अल्माचं घर दाखवलंस?"

"दाखवलं. तिला आठवलं नाही."

थोराने मान हलवली. रागावली नाही. अशा कामाला नाही म्हणता येत नाही, हे तिला कळत होतं. "बसव सगळ्यांना," ती म्हणाली. "पाच मिनिटं दे."

आणि तिने अंडी घेतली. पहिलं फोडलं. टरफल मुठीत धरून ती चुलीपाशी उभी राहिली. तिची आई अशीच उभी राहायची. मी श्वास रोखला, म्हणजे माझी वाफ तोटीतच राहिली. थोराने टरफल आत टाकलं नाही. बादलीतही टाकलं नाही. एप्रनच्या खिशात घातलं. दुसऱ्याचंही. तिसऱ्याचंही. थोराने जन्मात माझ्यात टरफलाशिवाय कॉफी केली असेल तर ती त्याच दिवशी.

अल्माला खुर्चीवर बसवून खाली उतरवलं होतं. केस पांढरे, अंगात कुणाचा तरी मोठा स्वेटर. थोरा जेलीचा वाडगा घेऊन तिच्यासमोर गेली.

"अल्मा."

अल्माने हसून बघितलं, माणूस पाहुण्याकडे बघतं तसं. "नमस्कार बाई. छान आहे हो तुमचं तळघर. उबदार आहे."

थोराचा चेहरा पडला. तरी तिने वाडगा पुढे केला. "हा घे. तुझा आहे."

अल्माने वाडगा उचलून खालून बघितला. बोटाने अक्षरं चाचपली. "अल्मा लिंड. अरे, हा तर माझा! किती शोधला मी. हेल्मरला म्हटलं, कुठेतरी राहिला. कुठे सापडला?"

"इथेच होता. परत द्यायचा राहून गेला."

"असू दे. घाई नव्हती."

तिने कप भरला, साखरेचा खडा ठेवला. अल्माने खडा दातांत धरला आणि घोट घेतला. मग दुसरा. थोरा एप्रनचा खिसा घट्ट धरून उभी होती.

"चांगली आहे," अल्मा म्हणाली. "आमच्या सासूबाई अश्शीच करायच्या." मग तिने इकडे-तिकडे बघून थोराला जवळ बोलावलं, गुपित सांगायचं असल्यासारखं. "पण बाई, रागावू नका हं. माझी बहीण आहे, थोरा. ती टरफलासकट करते. आईसारखी. कॉफी म्हणजे ती. मी तिकडे गेल्यापासून मला तशी कधीच मिळाली नाही. तिला सांगू नका मात्र. आधीच शेफारलीय."

"नाही सांगत," थोरा म्हणाली.

"भेटली तर म्हणावं, अल्मा रागावलेली नाही. मी वाट बघतेय, पण ती फार हट्टी आहे."

"सांगते. भेटली तर सांगते."

थोराने तिथेच गुडघे टेकले, सत्त्याऐंशी वर्षांचे, आणि अल्माच्या स्वेटरची उघडी बटणं लावत बसली. एकेक बटण, खालून वरपर्यंत. "चुकलं माझं," ती बटणांकडे बघत म्हणाली. अल्माने तिच्या केसांवर थोपटलं आणि म्हणाली, "होतं हो बाई असं कधी कधी." कशाबद्दल ते तिने विचारलं नाही.

थोरा धडपडत उठली. "डेल, अर्धा तास थांब. मी पुन्हा किटली चढवते. टरफलासकट."

डेल दारात उभा होता. त्याचे डोळे लाल झाले होते. "काकू, वृद्धाश्रमाची औषधांची वेळ चार वाजता. आधीच उशीर झालाय. मला नाही हो थांबता येणार."

एकेक करून सगळे वर गेले. मला बसचा आवाज ऐकू आला, मग खडीचा, मग वाऱ्याचा.

थोरा एकटीच राहिली. माझ्यात तीन-चार कप गार होत चाललेली कॉफी उरली होती. ती मला उचलून बाहेर नेईल असं मला वाटलं. लायलॅक अजून आहे. पण तिने कप घेतला, ओतला, बाकावर बसली, लहानपणी बसायची तिथेच, आणि प्यायली. शेवटच्या थेंबापर्यंत. मग दुसरा कप.

"चांगली आहे गं अल्मा," ती म्हणाली. "चांगलीच होती गं."

नंतर तिने मला धुतलं, कोरडं पुसलं. खिशातली टरफलं काढली, थोडा वेळ तळहातावर धरली, माझ्यात ठेवली आणि झाकण लावलं.

ऑक्टोबरात चर्च बंद झालं. थोरा फेब्रुवारीत गेली, कडाक्याच्या थंडीत. तिच्या मयताचं सगळं एल्म क्रॉसिंगमध्ये झालं. तिथली कॉफी बटण दाबून येणारी. अल्मा पुढच्या उन्हाळ्यात गेली. वाडगा तिच्या उशाशी होता, असं डेल कुणाला तरी सांगत होता. नवी पट्टी लावायला कुणी नव्हतं.

मी आता एल्म क्रॉसिंगच्या संग्रहालयात आहे, काचेच्या कपाटात, एका इस्त्रीच्या शेजारी. खाली पाटी आहे, 'नॉर्वेहून आणलेली किटली.' डेलने सांगितलं असणार. असू दे, त्या पाटीशी माझं भांडण नाही. येणारे-जाणारे क्षणभर थांबतात, म्हणतात, केवढी मोठी! आणि इस्त्रीकडे वळतात. मला आता कुणी चुलीवर ठेवणार नाही, हे मला कळून चुकलंय.

एकच मागणं आहे. कधीतरी कुणीतरी साफसफाईला येईल, कपाट उघडेल, माझं झाकण काढेल. आत तीन अंड्यांची वाळलेली टरफलं दिसतील. कचरा वाटेल. बाई, कुणी का असेनास, ती तेवढी टाकू नकोस. झाकण लाव आणि मला परत जागेवर ठेव.